दिवाणखान्याच्या सेटवर आम्हालाही जागा द्या

व्यावसायिक मराठी नाटकांच्या सर्व निर्मात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बॅकस्टेजचा माणूस. गेली २२ वर्षं तुमच्या नाटकांचे सेट लावतोय आणि उतरवतोय. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या हातून नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, घेतली आहे. दौऱ्याच्या बसमध्ये मागच्या सीटवर पाठ टेकून सांगली, कोल्हापूर, नाशिक, नागपूर केलं आहे. शुभारंभाच्या प्रयोगाला नारळ वाढवताना तुम्ही आठवणीनं मला हाक मारता. प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तरी माझी नाइट बुडू न देणारे निर्मातेही मी पाहिले आहेत. तेव्हा हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

मी समलिंगी आहे. एका पुरुषाबरोबर १४ वर्षं संसार करतोय. तुमच्यातल्या काहींना हे ठाऊक आहे. काहींनी ओळखलं आणि कधी विचारलं नाही, त्यांचेही आभारच मानतो. खाली नाव लिहीत नाही, कारण त्याच्या गावाकडच्यांना माझ्यामुळे त्रास झालेला मला चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी रात्री त्याच्या पोटात दुखायला लागलं. अपेंडिक्स. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रात्रीच ऑपरेशन करावं लागेल. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: रुग्णाशी नाते. पेन दोरीनं बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती, म्हणून वाकून लिहावं लागत होतं. मी वाकून लिहिलं, ‘मित्र’. बाईंनी वाचलं आणि विचारलं, “घरचं कुणी नाही का?” तो शुद्धीवर होता, स्वतः सही करायला तयार होता. तरी घरचं माणूस हवंच म्हणाले. शेवटी साताऱ्याला त्याच्या भावाला फोन केला. सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तो पावसातून गाडी मारत पहाटे पोचला, त्यानं ‘भाऊ’ असं लिहून सही केली आणि मग ऑपरेशन झालं. तोवरचे चार-पाच तास मी बाकड्यावर बसून काढले. त्याच्या औषधांची ॲलर्जी मला पाठ, रक्तगट मला पाठ, विम्याचा हप्ता मी भरतो. पण फॉर्मवर मी मित्र.

शनिवारी दुपारी ४ चा प्रयोग होता. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, भाऊ जवळ होता, मी थिएटरवर गेलो. बदली माणूस मिळाला नव्हता. नेहमीचा सेट लावला. मध्ये तीन माणसांचा सोफा, मागे खिडकी, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, उजवीकडे वर जाणारा जिना. या सोफ्याचा मागचा पाय दौऱ्यात मोडला होता. तिथं मी फळी ठोकली आहे, ती प्रेक्षकांना दिसत नाही.

त्या नाटकात नायिकेचा एक ड्रेस डिझायनर आहे. संहितेत त्याला चार वाक्यं होती. प्रयोगागणिक ॲडिशन्स होत गेल्या आणि आता तो सात-आठ मिनिटं स्टेजवर असतो. त्याच्या एन्ट्रीला वेगळं म्युझिक आहे. मनगट सैल सोडून तो चालतो, नायकाच्या वडिलांच्या दंडाला हात लावतो, वडील दचकून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सरकतात आणि थिएटर कोसळतं. काम करणारा मुलगा गुणी आहे. प्रयोग संपल्यावर मेकअप न उतरवता माझ्याबरोबर सेटचे फ्लॅट उचलायला येतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

विंगेतून पहिल्या दोन-तीन रांगा दिसतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी दुसऱ्या रांगेत आई-वडिलांच्या मध्ये सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. लाफ्टर आला तेव्हा त्यानं आधी वडिलांकडे पाहिलं. वडील हसतायत हे बघितलं आणि मग तो हसला. ते बघणं मला ओळखीचं आहे. त्याच्या वयाचा असताना मी तस्संच बघायचो.

हे पत्र त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

‘मित्र’ हा शब्द आपल्या रंगभूमीवर फार आधी येऊन गेला आहे. १९८१ साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. विनय आपटे यांचं दिग्दर्शन होतं आणि सुमित्रा देव ऊर्फ मित्रा ही भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली होती. स्वातंत्र्यापूर्वीचं कॉलेज. गॅदरिंगच्या नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते, समोर नमा असते. नाटकातल्या त्या सोंगातून तिला स्वतःचं खरं कळतं. तिचा मित्र बापू ही सगळी हकिकत आपल्याला सांगतो. एका मुलीचं मुलीवर प्रेम आहे, हे मराठी नाटकानं तेव्हा सरळ सांगितलं. कुणी आजारी नाही, कुणी थट्टेचा विषय नाही. ४० वर्षांहून जास्त काळ लोटला तरी ते नाटक वाचताना माझा घसा दाटतो. मित्रा शेवटी जीव देते. तिच्या काळात तिला दुसरी वाट नव्हती आणि तेंडुलकरांनी ते लपवलं नाही.

मला त्रास होतो तो यापुढच्या गोष्टीचा. मित्रा अजून मरतेच आहे. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात मी कॉलेजच्या मुलांना मदत करायला जातो. मुलं आधी प्रॉपर्टीची, म्हणजे स्टेजवर लागणाऱ्या वस्तूंची, यादी हातात देतात. विषय समलिंगी प्रेमाचा असेल तर यादीवरूनच मला शेवट कळतो. झोपेच्या गोळ्यांची बाटली, नाहीतर ओढणी आणि स्टूल. दोन मुलगे असोत की दोन मुली, ४५ मिनिटांत दोघांतलं एक माणूस गेलेलं असतं. लाल स्पॉट, आलाप, ब्लॅकआउट. मुलं मनापासून करतात, रडून करतात. परीक्षक बक्षीसही देतात. पण हे बघणाऱ्या दुसऱ्या रांगेतल्या पोरानं घरी काय घेऊन जायचं? व्यावसायिकला गेला तर हसण्यावारी नेणार, स्पर्धेला गेला तर तिरडीवर ठेवणार.

चांगले प्रयत्न झाले नाहीत असं मी म्हणत नाही. चेतन दातारांनी ‘एक माधवबाग’ लिहिलं, त्यात मुलाची डायरी हाती लागलेली आई एकटी बोलत राहते. आईच्या तोंडून ही गोष्ट सांगायची, ही फार मोठ्या मनाच्या नाटककारालाच सुचणारी जागा. अभिनेत्री मोना आंबेगावकरांनी त्याची वाचनं जिथं जागा मिळेल तिथं केली. दातार २००८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ बद्दलचा पहिला निकाल दिला, तो त्यांना बघायला मिळाला नाही. महेश दत्तानींचं ‘ऑन अ मगी नाइट इन मुंबई’ १९९८ चं. आपल्याच मुंबईतला फ्लॅट, वर ही मित्रमंडळी आणि खाली कंपाउंडमध्ये कुणाच्या तरी लग्नाची वरात. पण ते इंग्रजीत आणि मोजक्या प्रेक्षकांसाठी. शनिवार-रविवारी सहकुटुंब नाटकाला येणारा आपला प्रेक्षक यातल्या कशापर्यंत पोचला? त्याच्यापर्यंत पोचायची ताकद फक्त तुमच्याकडे आहे. म्हणून पत्र तुम्हाला.

एका छोट्या हॉलमध्ये असंच एक प्रायोगिक नाटक होतं. शेवट तोच, दोघांचं घरी कळतं आणि अंधार. प्रयोगानंतर मी खुर्च्या गोळा करत होतो. साठीच्या पुढचं एक जोडपं बसूनच होतं. आजोबा मला म्हणाले, “छान झालं हो. पण या पोरांचं पुढं काय झालं असेल?” मी म्हटलं, “राहत असतील कुठेतरी भाड्यानं.” त्यावर आजी म्हणाल्या, “मग तेच दाखवायचं की.”

आजींच्या तेवढ्या वाक्यासाठी हे सगळं पत्र आहे.

आमच्याबद्दलच्या नाटकात सगळा जीव ‘कळणार का’ यातच अडकलेला असतो. आईला कळेल का, ऑफिसात कळेल का. कळलं की नाटक संपतं. आमचं आयुष्य तिथून पुढे सुरू होतं आणि ते अगदी तुमच्या नाटकांतल्यासारखं असतं. ११ महिन्यांचा करार संपत आला की घरमालक विचारतो, दोघांपैकी कुणाचं लग्न ठरलं का. माझ्या जोडीदाराची आई गुडघ्याच्या ऑपरेशनला येते तेव्हा ती कुठं झोपणार आणि आम्ही कुठं, हे ठरवताना रात्र जाते. माझ्या बहिणीच्या मुलीच्या केळवणाला त्यानं यायचं का, आलाच तर कोण म्हणून यायचं? सकाळी दुधाच्या पिशवीवरून भांडण होतं ते वेगळंच. सासू-सून, दोन भाऊ, निवृत्त वडील, परदेशातून आलेला मुलगा अशा माणसांवर मराठी रंगभूमीनं दोन-दोन अंकी नाटकं उभी केली. या कामात आपल्या नाटककारांचा हात धरणारं कोणी नाही. तोच दिवाणखाना, तेच स्वयंपाकघराचं दार. फक्त त्या सोफ्यावर दोन पुरुष बसू द्या, किंवा दोन बायका.

कायद्याचं म्हणाल तर तोही नाटककारासाठी वाट बघत बसलाय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क देता येत नाही असं सांगितलं आणि बाकीच्या अडचणींवर सरकारनं समिती नेमावी असं ठरलं. पुढे २०२४ मध्ये केंद्राकडून खुलासे आले. समलिंगी जोडीदारांना बँकेत जॉइंट खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी करता येईल. रेशनकार्डासाठी दोघांना एका घरातले धरावं. जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. म्हणजे आम्ही नवरा-नवरा नाही, पण रेशनकार्डावर एका कुटुंबात. जिवंतपणी ऑपरेशनला माझी सही चालत नाही, मेल्यावर प्रेत न्यायला मात्र, दुसरं कोणी आलं नाही तर, मी चालेन. हे तुमच्यापैकी कुणाच्या घरातल्या चहाच्या टेबलावर बोललं गेलं तर तिथंच पहिला प्रवेश तयार होईल. दोन माणसं आणि एक शिधापत्रिकेचा अर्ज. अर्जात कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं नाव लिहायचं? आम्ही दोघांनी यावर खरोखर एक अख्खा रविवार भांडण केलं आहे.

तुमचं म्हणणं मला ऐकून माहीत आहे. ‘फॅमिली ऑडियन्स येणार नाही. महिला मंडळाचं बुकिंग जाईल. कॉन्ट्रॅक्ट शो मिळणार नाहीत.’ एका नाटकामागं किती पैसा अडकतो, जाहिरातीचा खर्च काय, थिएटरचं भाडं काय, डिझेल काय, हे मी रोज बघतो. पाच-सहा प्रयोगांत बंद पडलेली नाटकं मीच गोदामात नेऊन ठेवली आहेत. तुमची भीती खोटी नाही. पण फॅमिली म्हणजे कोण? माझी आई ७१ वर्षांची आहे, आयुष्यभर शिवाजी मंदिरला नाटकं बघत आली. तिचा मुलगा असा आहे. त्या साताऱ्याच्या भावाचा भाऊ असा आहे. दुसऱ्या रांगेतला तो मुलगा आई-वडिलांच्या मधल्या खुर्चीत बसला होता, याहून फॅमिली ऑडियन्स ती काय असते? आमची माणसं तुमच्याच प्रेक्षकांत बसलेली आहेत, तिकीट काढून. त्यांना आपल्या घरातलं माणूस स्टेजवर बघायचं असतं, कोणी विचारत नाही म्हणून ती बोलत नाहीत.

आणि मराठी प्रेक्षकाला कमी लेखू नका. याच प्रेक्षकानं बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं. घरंदाज बायकांनी त्यांच्या साड्या, त्यांचे दागिने बघून आपले केले. पुरुषानं स्त्रीची भूमिका करणं आणि पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत मी करत नाही. सांगायचंय एवढंच की स्टेजवर मनापासून काही केलं तर हा प्रेक्षक त्याच्यासमोर शांत बसतो. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’त उदबत्त्या विकणारा बर्वे संगीत नाटकातली नायिका होऊन स्वप्न बघतो, संसाराची, डोहाळजेवणाची. त्यावर पहिल्यांदा हसू येतं आणि मग ते कधी थांबलं ते कळत नाही. १९७९ सालचं हे नाटक. दुसरीकडे गणपत पाटील. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका जिवंत केला की लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्यातही त्यांना चिडवायचं सोडलं नाही. लग्न झालेला, मुलंबाळं असलेला माणूस, पण ते बोलणं त्यांच्या घरापर्यंत गेलं. आपण हशा काढतो तेव्हा तो थिएटरातच राहत नाही. लोक तो घरी, शाळेत, कट्ट्यावर घेऊन जातात.

हिमतीचं म्हणाल तर ती तुमच्या घराण्यातच आहे. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’साठी त्याचे निर्माते-दिग्दर्शक कमलाकर सारंग न्यायालयापर्यंत गेले. सेन्सॉरशी भांडले, पण नाटक सोडलं नाही. आज असं एखादं नाटक केलंत तर तुम्हाला एवढं भांडावं लागेल असं मला वाटत नाही. एखादं मंडळ नाराज होईल, एखादा फोन येईल. तुम्ही याहून मोठे फोन घेतले आहेत, मी समोर होतो.

मग मागणं काय? पहिलं तर ते ॲडिशनचं. चालू नाटकात असं पात्र असेल तर एकदा विंगेत उभं राहून बघा की हसू त्याच्या बोलण्यावर येतंय की त्याच्या असण्यावर. असण्यावर येत असेल तर तेवढं काढून टाका. नाटक पडणार नाही, मी शेकड्यांनी प्रयोग बघितलेत. दुसरं, नव्या लेखकांचं वाचन ठेवाल तेव्हा ही गोष्ट जगलेल्या मुला-मुलींनाही बोलवा. मुंबई-पुण्याबाहेरही अशी लिहिणारी मुलं आहेत, स्पर्धांमध्ये मला भेटतात. त्यांना एवढंच सांगा की दोन अंक लिही आणि कुणाला मारू नकोस. त्यांना ते जमेल. आजवर तसं त्यांच्याकडे कुणी मागितलं नाही. आणि नाटक आलंच तर त्याची जाहिरात ‘ज्वलंत सामाजिक प्रश्न’ म्हणून करू नका. कौटुंबिक नाटक म्हणून करा. ते तेच असेल.

त्या शनिवारी प्रयोग संपवून, टेम्पोत सेट भरून मी रात्री दवाखान्यात पोचलो. तो झोपला होता. भाऊ बाकड्यावर बसला होता, जिथं आदल्या रात्री मी होतो. पाय वाजले तसं त्यानं वर बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला. “जेवलास का?” मी नाही म्हटलं. त्यानं पिशवीतून वहिनीनं बांधून दिलेली भाकरी आणि ठेचा काढला. आम्ही दोघांनी बाकड्यावर मध्ये कागद पसरून खाल्लं, फार बोललो नाही. तुम्ही इतकी वर्षं नाटकं उभी केली आहेत, तुम्हीच सांगा, इथं पहिल्या अंकाचा पडदा पडतो की नाही?

आता दिवाळीला तो येणार आहे, बायको-मुलांना घेऊन, पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला. थोरला मुलगा अकरावीत आहे. फोनवर म्हणाला, “तू नाटकात आहेस ना, चार पास ठेव, पोरांनी थिएटरात कधी नाटक बघितलं नाही.” ज्या नाटकाचा सेट मी आत्ता लावतोय, त्याचे पास मी त्याला देणार नाही. दुसरं कुठलं देऊ, तेवढं मला कळवा.

आपला,
सोफ्याला फळी ठोकणारा